निओनोडचा फोन आधीच होता, मग ॲपलचं 'स्लाइड टू अनलॉक' पेटंट अँटिसिपेट का नाही झालं?

उनाड_अभियंता (पुणे)

मंडळी, पेटंट एजंटच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे, नोकरी सांभाळून, त्यामुळे जे काय वाचन होतं ते रात्री अकरानंतर, आणि नॉव्हेल्टीच्या (शोध खरंच नवा आहे का ते ठरवण्याच्या) धड्यावर येऊन गाडी अडकलीये. उदाहरण म्हणून ओळखीचं काहीतरी घ्यावं म्हणून ॲपलचं ते स्लाइड टू अनलॉकवालं पेटंट उघडलं, अमेरिकन नंबर ८,०४६,७२१. त्या कुटुंबातला मूळ अर्ज २३ डिसेंबर २००५ चा, आणि हे पेटंट मिळालं ऑक्टोबर २०११ मध्ये.

आता ह्याच्या आधीच स्वीडनमधल्या निओनोड नावाच्या कंपनीचा एन१ आणि पुढे एन१एम असा छोटासा टचस्क्रीन फोन होता. एन१ चं क्विक स्टार्ट गाइड जुलै २००४ चं. त्यात अनलॉक कसं करायचं तर पॉवरचं बटण एकदा दाबा, स्क्रीनवर 'उजवीकडे बोट फिरवा' अशा अर्थाची ओळ येते, बोट डावीकडून उजवीकडे फिरवा, झालं, फोन उघडला. म्हणजे टचस्क्रीन आहे, हातात मावणारं यंत्र आहे, लॉक आहे, बोट सरकवून उघडणं आहे, आणि सगळं ॲपलच्या तारखेच्या जवळपास दीड वर्ष आधी छापून तयार. माझ्या हिशोबाने अँटिसिपेशनची, म्हणजे तेच आधी जगात असल्यामुळे शोध नवा न ठरण्याची, सरळ केस. आणि तरी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने सॅमसंगच्या काही फोननी ह्याच पेटंटच्या क्लेम ८ चा (क्लेम म्हणजे पेटंटने नेमका कशावर हक्क सांगितलाय ते मांडणारा मुद्दा) भंग केला असं म्हटलं आणि पेटंटही वैध धरलं. तिकडे इंग्लंड-जर्मनीत मात्र त्याच फोनकडे बोट दाखवून युरोपियन पेटंट उडवलं.

एकच फोन, एकच कल्पना, निकाल उलटसुलट. मला तीन गोष्टी कळत नाहीयेत: हे अँटिसिपेशन आहे की नाही, नसेल तर नेमकं कुठे अडतं, आणि हेच भारतात आलं असतं तर काय झालं असतं. 'ॲपलवाले चोर आहेत' आणि 'सॅमसंगवाले कॉपीबहाद्दर आहेत' ह्या दोन्ही प्रकारचे रिप्लाय कृपया नकोत, ते मी यूट्यूबच्या कमेंटमध्ये पोटभर वाचलेत.

---

संत्रानगरी

बाप्पा, मले तर सुरुवातच समजून रायली नाही. बोट सरकवलं की लॉक उघडते, ह्याच्यात शोध कायचा? आमच्या घरच्या दाराची कडी आजोबाच्या टाईमपासून तशीच सरकवून उघडते. निओनोडबी नाही अन् ॲपलबी नाही, दोघायलेबी पेटंट नाही द्याले पाहिजे होतं. आता कोणी वकील येऊन मले चूप करंल, मले मालूम हाय, करा.

---

क्लेमची_कात्री (मुंबई)

आले चूप करायला 😄 पण कडीचा मुद्दा फेकून देण्यासारखा नाही, तो फक्त चुकीच्या खणात ठेवलाय. सावकाश सांगते, कारण परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क ह्याच घोळात जातात.

उनाड, तुम्ही जे केलंत ते असं: निओनोड वाचला, ॲपलचं पेटंट वाचलं, दोन्हींचा सारांश मनात केला, 'बोट सरकवून अनलॉक', आणि सारांश जुळला म्हणून अँटिसिपेशन म्हणालात. पण पेटंटमध्ये तुलना सारांशाशी होत नाही, क्लेमशी होते, आणि क्लेममधल्या एकूण एक अटीशी होते. अँटिसिपेशन व्हायला एकाच जुन्या दस्तऐवजात किंवा एकाच जुन्या वस्तूत क्लेममधली प्रत्येक अट सापडली पाहिजे, आणि नुसती इकडेतिकडे विखुरलेली नाही तर क्लेममध्ये जशी एकमेकींशी जोडलीये तशी. एक जरी अट राहिली, कितीही क्षुल्लक का असेना, की अँटिसिपेशन संपलं. मग पुढचा प्रश्न सुरू होतो तो ऑब्व्हियसचा (त्या क्षेत्रातल्या माणसाला हे सहज सुचलं असतं का), आणि त्याचे नियम पूर्ण वेगळे.

आता क्लेम ८ हातात घ्या. तो क्लेम ७ वर टेकलेला आहे, म्हणून ७ पासून वाचायचं. मराठीत मोकळेपणाने सांगायचं तर हातातलं यंत्र, टच कळणारा डिस्प्ले, मेमरी, प्रोसेसर (इथपर्यंत कुणाचंच भांडण नाही). मग मेमरीतल्या सूचना काय करतात? पहिली: डिस्प्लेवर ठरावीक जागी असलेल्या 'अनलॉक इमेज'वर बोट टेकलेलं ओळखतात. दुसरी: बोट न उचलता जसजसं सरकेल तसतशी ती इमेज सलग बोटाबरोबर सरकवतात, आणि ही इमेज म्हणजे वापरणारा जिच्याशी व्यवहार करतो अशी ग्राफिकल वस्तू असली पाहिजे. तिसरी: ती इमेज पहिल्या जागेवरून ठरवलेल्या अनलॉकच्या जागेपर्यंत नेली तर यंत्र उघडतात. आणि क्लेम ८ ची जास्तीची अट म्हणजे कुठल्या दिशेने सरकवायचं ते दाखवणारी काहीतरी दृश्य खूण.

निओनोडच्या गाइडमध्ये दिशा सांगणारी ओळ आहे, म्हणजे गंमत बघा, क्लेम ८ ने स्वतःची म्हणून जी अट घातली ती जुन्यात दिसते. बोट आहे, सरकणं आहे, उघडणं आहे. पण इमेज कुठाय? बोटाखाली धरायचं आणि ओढत न्यायचं असं त्या स्क्रीनवर काहीच नाहीये. बोट फिरतं, पण बोटाबरोबर काही फिरत नाही. 'ती ओळ हीच इमेज' असं ओढूनताणून म्हटलं तरी ती ओळ जागेवरच बसलेली. दुसरी अट पडली, तिसरीही पडली कारण तीसुद्धा 'इमेज नेली तर' अशीच आहे.

एक जुनी चाचणी लक्षात ठेवा, अमेरिकन सुप्रीम कोर्टाने १८८९ मध्येच सांगितलेली: जी गोष्ट नंतर आली असती तर भंग ठरली असती, तीच आधी आली असेल तर अँटिसिपेशन. ती इथे उलटी लावून बघा. समजा निओनोड एन१एम २०१२ मध्ये बाजारात आला असता आणि ॲपलने त्यांच्यावर क्लेम ८ खाली दावा ठोकला असता. भंग झाला असता? नाही, कारण सरकणारी इमेजच नाही. मग आधी येऊनसुद्धा तो अँटिसिपेट करू शकत नाही. अँटिसिपेशनचा उलगडा मला विचाराल तर इथेच संपतो.

आणि संत्रानगरी, तुमची कडी: ती सरकते, इमेजसारखी बोटाबरोबर सरकते, ठरावीक जागी पोचली की उघडते! म्हणजे निओनोडमध्ये जे नाही ते कडीत आहे. फक्त कडीत टचस्क्रीन, प्रोसेसर, मेमरी नाही, म्हणून तीही एकटी अँटिसिपेट करत नाही. दोन्ही एकत्र करायचे तर ते ऑब्व्हियसचं काम, आणि त्यासाठी 'एकत्र का केले असते' ह्याचं उत्तर द्यावं लागतं.

---

हार्डवेअरवाला

@क्लेमची_कात्री ताई, एवढं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं, पण माझ्यातला इंजिनिअर अजून कुरकुरतोय.

निओनोडचं टच वेगळ्या प्रकारचं होतं. स्क्रीनच्या कडेने इन्फ्रारेड एलईडी आणि समोर फोटोडायोड, म्हणजे काचेच्या वर अदृश्य किरणांची जाळी, बोट आलं की किरण तुटतो आणि बोट कुठाय ते कळतं. वर विंडोज सीई चालायचं. म्हणजे बोट कुठे आहे हे त्या फोनला त्या क्षणी माहीतच होतं, नाहीतर डावीकडून उजवीकडे गेलं हे कळणार कसं? ज्याला बोटाचा एक्स कोऑर्डिनेट मिळतोय त्याने तिथे एक आयकॉन काढणं हे किती अवघड काम आहे? स्लायडर, स्क्रोलबार, व्हॉल्यूमची पट्टी, हे सगळं कॉम्प्युटरवर तेव्हा कित्येक वर्षं होतं. मी एम्बेडेडमध्ये काम करतो, आमच्याकडे नवीन पोराला हे पहिल्या आठवड्यात करायला देतात.

आणि दुसरं, चुकून खिशात फोन लागू नये हा प्रॉब्लेम निओनोडने आधीच सोडवला होता, कारण खिशातली किल्ली नेमकी डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत सहसा जात नाही. मग इमेज सरकवून ॲपलने नेमका कुठला प्रॉब्लेम सोडवला? माझ्या मते एकच, वापरणाऱ्याला कळतं की हो, फोनला माझं बोट कळतंय, आणि अर्ध्यात सोडलं तर इमेज परत जागेवर जाते. छान आहे, नाकारत नाही, माझ्या आईला आयफोन एका मिनिटात समजला होता. पण छान असणं आणि पेटंट मिळण्याइतकं नवीन असणं ह्यात फरक नको का?

---

म्युनिककर

हार्डवेअरवाला, तुम्ही जे लिहिलंत ते बऱ्यापैकी युरोपातल्या कोर्टांनी लिहिलंय, फक्त त्यांनी जास्त पानं घेतली 😀 मी इथे म्युनिकमध्येच राहतो आणि आयपीच्या (बौद्धिक संपदेच्या) क्षेत्रात आहे म्हणून तारखा तोंडपाठ आहेत.

सगळ्यात आधी ऑगस्ट २०११ मध्ये हेगच्या कोर्टात सॅमसंगविरुद्ध तात्पुरत्या मनाईचं प्रकरण आलं, तिथल्या न्यायाधीशांनी निओनोड बघून स्लाइड टू अनलॉकच्या वैधतेवरच शंका घेतली आणि त्या पेटंटवर मनाई दिली नाही. दिली ती फोटो गॅलरीच्या एका दुसऱ्याच पेटंटवर (हे लक्षात ठेवा, पुढे येतंय). मग लंडनमध्ये एचटीसी (ही दुसरी फोन कंपनी) विरुद्ध ॲपल, ४ जुलै २०१२, न्यायमूर्ती फ्लॉइड. निओनोडसमोर पेटंट टिकलं नाही. मे २०१३ मध्ये कोर्ट ऑफ अपीलनेही ह्या पेटंटपुरता तोच निकाल कायम ठेवला. जर्मनीत एप्रिल २०१३ ला इथल्या म्युनिकच्या फेडरल पेटंट कोर्टाने रद्द केलं आणि २५ ऑगस्ट २०१५ ला कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने, म्हणजे बीजीएचने, शिक्कामोर्तब केलं.

बीजीएचचा युक्तिवाद उनाड ह्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. त्यांनीसुद्धा निओनोडला अँटिसिपेशन म्हणून पेटंट मारलेलं नाही. फरक कुठे आहे तर बोटाबरोबर सरकणारी अनलॉक इमेज, हे त्यांनी मान्य केलं. मग पहिला प्रश्न घेतला की ही इमेज म्हणजे नुसतं माहिती दाखवणं आहे का, कारण युरोपात नुसती माहिती दाखवण्याची पद्धत मोजलीच जात नाही, तांत्रिक अडचण तांत्रिक मार्गाने सोडवण्यात जेवढा हातभार लागतो तेवढाच भाग मोजतात. त्यांनी म्हटलं ठीक आहे, अनलॉक झालं की नाही हे वापरणाऱ्याला कळणं ह्यात तांत्रिक अंश आहे, तेवढा धरू. पण तो धरला तरी त्या क्षेत्रातल्या माणसाला १९९२ च्या प्लेझंट आणि वॉलेस ह्यांच्या पेपरकडे बघून सुचला असता. हा मेरीलँड युनिव्हर्सिटीतला अभ्यास, टचस्क्रीनवर चालू-बंदचे टॉगल कसे असावेत ह्यावर, आणि त्यात बोटाने सरकवायचा स्लायडर टॉगल चक्क आहे. झालं, नवीन आहे पण इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, म्हणजे ऑब्व्हियस आहे.

आता ती गॅलरीवाली गंमत. ज्या फोटो गॅलरीच्या पेटंटवर हेगमध्ये मनाई मिळाली होती, म्हणजे फोटो शेवटपर्यंत ओढला की स्प्रिंगसारखा मागे येतो तो प्रकार, तेच जर्मनीत सप्टेंबर २०१३ मध्ये पडलं. कशामुळे माहितीये? ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्सने स्टेजवर उभं राहून आयफोन दाखवला त्या व्हिडिओमुळे! ज्या तारखेपासून नवीनता मोजायची ती त्या कार्यक्रमाच्या नंतरची निघाली, आणि युरोपात स्वतःच स्वतःचं आधी उघड केलं तरी माफी नाही. स्वतःच्याच कीनोटने स्वतःचं पेटंट गेलं. मूळ प्रश्नात जे शोधताय त्या प्रकारचा, आधीच जगाला दाखवलं म्हणून गेलं असा मामला बघायचा तर तो हा आहे, निओनोड नव्हे.

---

संत्रानगरी

हाहा, स्वतःच्याच लग्नाचा व्हिडिओ पुरावा म्हणून कोर्टात! पण मग अमेरिकेत कायले टिकलं? तिथं प्लेझंटबाईचा पेपर वाचता येत नाही काय लोकायले?

---

क्लेमची_कात्री (मुंबई)

अमेरिकेत वाचला, आणि त्याच पेपरवर पेटंट पडलंही होतं, मग परत उभं राहिलं. क्रम असा:

मे २०१४, ज्युरीने सॅमसंगला एकूण सुमारे ११.९६ कोटी डॉलर भरायला सांगितले. (त्यात स्लाइड टू अनलॉकचा वाटा फक्त ३० लाख डॉलरच्या आसपास, मोठी रक्कम, ९.८७ कोटी, दुसऱ्याच पेटंटची होती, ते मेसेजमधला फोन नंबर आपोआप ओळखून त्यावर टॅप करता येतं ते. सगळा आवाज स्लाइडचा, पैसा दुसरीकडे.) फेब्रुवारी २०१६, फेडरल सर्किटच्या (पेटंटची अपिलं ऐकणारं अमेरिकन कोर्ट) तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने म्हटलं की निओनोड अधिक प्लेझंट, ऑब्व्हियस आहे, रद्द. ७ ऑक्टोबर २०१६, पूर्ण कोर्ट बसलं आणि ८ विरुद्ध ३ ने ज्युरीचा निकाल परत लागू केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सॅमसंगचा अर्ज ऐकायला नकार दिला, संपलं.

आता हे 'अमेरिकेने ॲपलला बरोबर ठरवलं' असं वाचू नका. पूर्ण कोर्टाने स्वतःला विचारलेला प्रश्न वेगळा होता: ज्युरीसमोर जो पुरावा होता त्यावरून समजूतदार माणसांची ज्युरी ह्या निष्कर्षाला येऊ शकली असती का? येऊ शकली असती तर आम्ही ढवळाढवळ करणार नाही. लंडन-म्युनिकच्या न्यायाधीशांना ही आडकाठी नव्हती, त्यांनी पेपर वाचले, तज्ज्ञांचं ऐकलं आणि स्वतः ठरवलं. उनाड, तुमच्या 'एकच फोन, उलटसुलट निकाल'चं अर्ध्याहून जास्त उत्तर माझ्या मते इथे आहे. कायद्याची व्याख्या फार वेगळी नाही, ठरवणारा माणूस वेगळा आहे आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याचे हात किती बांधलेत ते वेगळं आहे.

राहिला पुरावा. ॲपलचा तज्ज्ञ म्हणाला की प्लेझंटचा पेपर भिंतीवर लावायच्या टचपॅनेलबद्दल आहे, घरातली उपकरणं चालू-बंद करायला, खिशात फोन चुकून लागण्याची अडचण असलेला माणूस भिंतीवरच्या पॅनेलकडे कशाला बघेल? शिवाय त्याच पेपरात लोकांना सरकवायच्या टॉगलपेक्षा दाबायचे टॉगल जास्त आवडले असं नोंदवलंय, म्हणजे पेपर उलट दिशेलाच ढकलतो. सॅमसंगची बाजू होती की त्याच पेपरात सरकवणं चुकून होण्याची शक्यता कमी असते हेही लिहिलंय, मग? दोन्ही वाक्यं खरीच आहेत, एकाच पेपरातली आहेत, आणि ज्युरीने एक उचललं.

मग आली ती चार बाजूची कारणं, जी हार्डवेअरवाल्यांना सगळ्यात जास्त खटकतील: लोकांनी केलेलं कौतुक, प्रतिस्पर्ध्याने केलेली नक्कल, बऱ्याच काळापासून न सुटलेली अडचण, बाजारातलं यश. जॉब्सने स्लाइड करून दाखवलं तेव्हा प्रेक्षक कसे खूश झाले तेही पुराव्यात होतं. आणि सॅमसंगची अंतर्गत कागदपत्रं निघाली ज्यात त्यांच्याच लोकांनी आयफोनचं अनलॉक जास्त चांगलं आहे, आपलं तसं करा अशा अर्थाचं लिहिलेलं. स्वतःच्या ऑफिसात 'त्यांचं भारी आहे' लिहायचं आणि कोर्टात 'हे तर कुणालाही सुचलं असतं' म्हणायचं, हे ज्युरीच्या गळी उतरत नाही, साहजिक आहे.

माझं वैयक्तिक मत? म्युनिकवाले बरोबर. टाळ्या आयफोनला होत्या, त्यातला किती वाटा सरकणाऱ्या इमेजचा हे वेगळं करून कुणी दाखवलं नाही, असं मला वाटतं. पण हे मत झालं, परीक्षेत लिहू नका.

---

हार्डवेअरवाला

टाळ्यांवर पेटंट टिकणार असेल तर आमच्या कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात मार्केटिंगवाले दरवर्षी शंभर पेटंट मिळवतील.

बाय द वे, पूर्ण कोर्टाचा निकाल ऑक्टोबर २०१६ चा म्हणताय ना, सप्टेंबर २०१६ मध्ये आयओएस १० आलं आणि त्यात ॲपलनेच स्लाइड टू अनलॉक काढून होम बटण दाबायला लावलं होतं. इकडे आठ न्यायाधीश त्याचं महत्त्व सांगतायत आणि तिकडे फोनमधून ते गायब 😂

---

उनाड_अभियंता (पुणे)

ताई, म्युनिककर, दोघांनाही साष्टांग. ती उलटी चाचणी (नंतर आलं असतं तर भंग झाला असता का) वहीत पहिल्या पानावर लिहिली. आता तिसरा प्रश्न राहिला, भारतात काय? आपल्याकडे निओनोड फोन विकला गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, मग तो धरलाच जाणार नाही का? आणि आपल्या पेटंट कायद्यातल्या कलम १३, २५ आणि ६४ ह्यांच्यात माझा नेहमी गोंधळ होतो, कुठलं कधी लावायचं?

---

क्लेमची_कात्री (मुंबई)

चांगला प्रश्न आहे, आणि ह्याचं उत्तर आपल्या कायद्यात बारीक अक्षरात लपलंय.

आधी कलमं. १३ हे एक्झामिनरचं, अर्ज तपासताना तो कुठे कुठे शोधणार आणि कशाला अँटिसिपेशन म्हणणार. २५(१) हे पेटंट मिळायच्या आधी कुणीही विरोध करायचं, अगदी तुम्हीसुद्धा करू शकता, हितसंबंध दाखवायची गरज नाही. २५(२) मिळाल्यावर वर्षभरात, पण तिथे हितसंबंध असलेली व्यक्ती लागते. ६४ म्हणजे रिव्होकेशन, म्हणजे मिळालेलं पेटंट रद्द करून घेणं, बहुतेक वेळा भंगाचा दावा आला की उलटदावा म्हणून.

आता ६४(१)(ई) नीट वाचा. नवीन नाही हे कशावरून ठरवायचं? 'भारतात' सार्वजनिकरीत्या माहीत असलेलं किंवा वापरात असलेलं, किंवा 'भारतात वा इतरत्र' प्रकाशित झालेलं. म्हणजे वापराला भारताचं कुंपण आहे, प्रकाशनाला नाही! स्टॉकहोमच्या दुकानात एन१एम विकला गेला हा नुसता वापर झाला, तो एकटा तुम्हाला इथे पुरणार नाही. पण ते २००४ चं क्विक स्टार्ट गाइड लोकांना मिळू शकत होतं हे दाखवता आलं तर ते 'इतरत्र प्रकाशित' आणि ते चालेल. फोनपेक्षा फोनच्या खोक्यातला कागद जास्त कामाचा. अमेरिकेतही जुन्या कायद्याखाली परदेशातला वापर चालत नसे, छापील मजकूर चालायचा, तिथेही चर्चा ह्या गाइडभोवतीच फिरली.

अर्थात गाइड आत आलं तरी ते अँटिसिपेट करणार नाही, कारण तेच, इमेज. भारतातसुद्धा लढाई इन्व्हेंटिव्ह स्टेपवरच गेली असती, आणि त्यासाठी १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल हा सुप्रीम कोर्टाचा निकाल पाठच करा. शिवाय त्याच्या आधी एक्झामिनरने कलम ३(के) काढलं असतं, 'मेमरीतल्या सूचना' म्हणजे नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम आहे म्हणून. एफईआरमध्ये (एक्झामिनरच्या पहिल्या तपासणी अहवालात) ते पहिल्याच पानावर आलं असतं, ह्याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

आपल्याकडचं फोनचंच उदाहरण हवं असेल तर ड्युअल सिमचं बघा. मदुराईच्या एस. रामकुमार ह्यांना २००८ मध्ये एकाच फोनमध्ये एकाहून जास्त सिम कार्डांवर पेटंट मिळालं, २१४३८८ नंबरचं. त्यांनी ते कस्टम्सकडे नोंदवलं आणि २००९ मध्ये बाहेरून येणारे ड्युअल सिम फोन बंदरांवर, विमानतळांवर अडकायला लागले. केवढा गदारोळ झाला होता, आयात करणारे सगळे हवालदिल. शेवटी सॅमसंगच्या अर्जावर आयपीएबीने (बौद्धिक संपदा अपील मंडळाने) २०१२ मध्ये ते पेटंट रद्द केलं. (आयपीएबी आता नाही, २०२१ मध्ये बंद झालं, ही कामं आता हायकोर्टात जातात, परीक्षेत जुन्या नोट्सवर विसंबून तिकडे पाठवू नका.) पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर त्याचा क्लेम १ काढा आणि त्याचा चार्ट करा, डाव्या रकान्यात एकेक अट, उजवीकडे जुना दस्तऐवज आणि त्यातली नेमकी ओळ. उजवीकडे ओळ लिहिता आली नाही तर रकाना कोरा ठेवा. 'साधारण असंच आहे' असं लिहायचं नाही.

---

म्युनिककर

ताईंच्या पोस्टला एक जोड, कॉलेजातल्या पोरांसाठी. जॉब्सच्या व्हिडिओवर हसलो आपण, पण हे आपल्याकडे दरवर्षी होतं. प्रोजेक्ट एक्झिबिशनमध्ये मॉडेल मांडतात, लोकल पेपरात फोटोसकट बातमी येते, गाइडसर कॉन्फरन्सला पेपर पाठवतात आणि मग आठ महिन्यांनी कुणीतरी म्हणतं पेटंट टाकू या. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती केंद्र सरकारने गॅझेटमध्ये जाहीर केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेपुढे वाचलेल्या पेपरांना वगैरे, कॉलेजच्या टेक फेस्टला नाही. आणि युरोपात तर तेवढीही नाही. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता पेटंट अर्ज) टाका, मग काय मिरवायचं ते मिरवा.

---

संत्रानगरी

एक डाउट. हे गाइड २००४ चं हाय हे कोर्टात दाखवायचं कसं? पीडीएफवर तारीख तर कोणीबी टाकू शकते ना भाऊ.

---

क्लेमची_कात्री (मुंबई)

टाकू शकतो, आणि म्हणूनच नुसत्या पीडीएफवर कुणी विसंबत नाही. कंपनीत तेव्हा काम करणाऱ्या माणसाचं शपथपत्र, छपाईचं बिल, डीलरला पाठवलेल्या मालाची कागदपत्रं, त्या काळच्या मासिकातला रिव्ह्यू, वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं साठवणारी साइट) जतन झालेलं डाउनलोडचं पान, ह्यातलं जे मिळेल ते जोडायचं. आणि नुसतं 'तयार केलं' पुरत नाही, लोकांना मिळू शकत होतं हे दाखवावं लागतं, कंपनीच्या कपाटात पडलेलं गाइड प्रकाशित धरत नाहीत. माझ्याकडच्या एका विरोधाच्या कामात अख्खी केस अशाच एका मॅन्युअलच्या तारखेवर लटकली होती, शेवटी दुरुस्तीवाल्याच्या जुन्या सर्व्हिस रजिस्टरमध्ये मॅन्युअलचा पार्ट नंबर आणि तारीख सापडली.

उनाड, ड्युअल सिमचा चार्ट झाला की इथेच टाका, तपासून देते.